शाळांचे कबड्डी सामने घ्यायचेत? आधी पट विचारा, मग चिठ्ठ्या टाका

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या मैदानावर आम्ही तालुक्यातल्या शाळांचे कबड्डी सामने ठेवले होते. चौदा शाळा आल्या, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, आणि पहिल्याच चिठ्ठीत तालुक्याच्या ठिकाणची एक मोठी शाळा आणि नदीपलीकडची एक लहानशी शाळा समोरासमोर आली. मोठ्या शाळेचे पोट्टे एकसारख्या निळ्या टीशर्टात, बारा संघात आणि मागे बसलेले अजून आठ-दहा. लहान शाळेचे मोजून आठ. त्यातल्या एकाची बोटं कापूस वेचून वेचून बोंडाच्या टोकांनी फाटलेली, तो पकड करायला गेला की हात मागे घ्यायचा. सामना ६१-९ सुटला. पाच लोण चढले, म्हणजे पाचदा अख्खा संघ बाद. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा कॅप्टन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणे, "सर, आता थांबवता येते का?" नियमात नाही म्हटलं मी, काय बोलणार. मसालेभात तयार होता पण ते जेवले नाही, दोनची एसटी पकडून निघून गेले. संध्याकाळी त्यांच्या सरांचा फोन, "भाऊ, पुढच्या वर्षी आम्हाले नका बोलावू."

तेव्हापासून आम्ही पटावरून, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या संख्येवरून, शाळांचे गट पाडतो. दोन वर्षं झाली, चुका केल्या, शिव्या खाल्ल्या, आता जरा जमलंय. तुमच्या भागात कोणी मंडळ, ग्रामपंचायत नाहीतर शाळाच असे सामने घेत असेल तर हे कामाला येईल म्हणून लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. सरकारच्या शालेय क्रीडा स्पर्धा असतात, तालुका मग जिल्हा मग विभाग मग राज्य, तिथे गट असतात वयाचे, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. तिथे तुमच्या शाळेत चाळीस पोरं आहेत की हजार, कोणी विचारत नाही, आणि आपण तिथे काही बदलूही शकत नाही. मी बोलतोय ते आपण स्वतः भरवतो त्या सामन्यांबद्दल, तिथे पत्रक आपलं, नियम आपला.

हा प्रश्न फक्त आपल्याच खेड्यांचा आहे असं मला वाटायचं, पण नाही. अमेरिकेत हायस्कूलचा फुटबॉल असतो, आपला पायानं खेळायचा नाही, तो हेल्मेट घालून धडका मारायचा, अकरा विरुद्ध अकरा. तिथे गावखेड्यात त्याचं वेड असं की आपल्याकडे शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, गर्दी जमते तसं शुक्रवारी रात्री अख्खं गाव मैदानावर. आणि तिथल्याही लहान शाळांचं रडगाणं तेच, आमच्याकडे पोरंच नाहीत तर खेळवायचं कोणाला. टेक्सास राज्यात शाळांच्या स्पर्धा पाहणारी यूआयएल नावाची संस्था आहे, १९१० पासूनची. ती शाळांचा पट घेऊन त्यांचे १ए ते ६ए असे सहा वर्ग पाडते आणि दर दोन वर्षांनी पट नव्यानं मोजून सगळी मांडणी परत करते. सगळ्यात लहान वर्गातल्या शाळांत चार इयत्ता मिळून शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मुलं, आणि त्यातल्या बहुतेक शाळा अकराचा फुटबॉल खेळतच नाहीत, सहाचा खेळतात. पण त्याच्यावर पुढे येतो, कारण ती आयडिया आम्ही सरळ उचलली.

आणि तसं पाहिलं तर आपल्याला अमेरिकेपर्यंत जायची गरजच काय. शंकरपटात बाहेरून आलेल्या नामी जोड्या आणि गावातल्या शेतकऱ्याची नांगराची जोडी एकाच गटात कोणी पळवते का? गावोगावच्या कबड्डीत वजनगट असतोच की, काट्यावर उभं करून पाहतात, आमच्याकडे तर कापसाच्या काट्यावर पोट्टे मोजलेत. बैलाला गट आहे, वजनाला गट आहे, मग शाळेलाच काहून नाही?

पट विचारायचा म्हणजे नक्की काय विचारायचं

इथेच पहिली गफलत होते. पहिल्या वर्षी मी सरळ फोन लावले, "सर, तुमचा पट किती?" एका मुख्याध्यापकांनी सांगितलं एकशे ऐंशी. मी लिहिलं मध्यम गट. नंतर सहज विचारलं.

"सर, हे पाचवी ते दहावी ना?"

"हाव."

"आठवी ते दहावी किती?"

"थांबा... त्र्याऐंशी."

"त्यातले मुलगे?"

बराच वेळ नुसता रजिस्टर उलटल्याचा आवाज. "सत्तावीस, भाऊ. पोरी जास्त आहेत आमच्याकडे."

एकशे ऐंशीचे सत्तावीस झाले. शेजारच्या मोठ्या गावात पाचवी-सहावी जिल्हा परिषदेच्या शाळेत असते आणि हायस्कूल आठवीपासून सुरू होते, त्यांचा एकशे ऐंशी म्हणजे खरंच एकशे ऐंशी. म्हणून सगळ्यांना एकच प्रश्न आणि तोही लेखी: आठवी, नववी, दहावी या तीन वर्गांत मुलगे किती. मुलींचे सामने असतील तर मुली किती, तो आकडा वेगळा, गट पण वेगळे. एखादी शाळा मुलांत लहान आणि मुलींत मध्यम गटात येऊ शकते, त्यात काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पण मुलांच्या खेळाला मुलांचाच आकडा धरतात.

दुसरं म्हणजे तारीख. पट रोज हलत असतो, जुलैत वेगळा, दिवाळीनंतर वेगळा. आम्ही ३० सप्टेंबरचा पट धरतो, कारण संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर व्हायचे त्यासाठी, शाळांनी त्या तारखेचा पट तसाही काढलेला असतो, कोणाला नवीन कागद करावा लागत नाही आणि दोन ठिकाणी दोन आकडे सांगायची कोणाची हिंमत होत नाही. टेक्सासवालेही ऑक्टोबरच्या शेवटी एक दिवस ठरवून त्या दिवसाचाच पट घेतात. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं एक पान मागवा, व्हॉट्सॲपवर फोटो चालतो, पण सही पाहिजे. तोंडी आकड्यावर गट पाडला की भांडण नक्की, आणि ते भांडण फायनलच्या दिवशी होते, आधी नाही.

तिसरी गोष्ट कागदावर दिसत नाही. पट आणि मैदानावर येणारी पोरं यात आपल्याकडे फार फरक असतो. वेचणी चालू असली की निम्मे पोट्टे वावरात. मेळघाटाकडे दिवाळीनंतर घरंच्या घरं कामाला बाहेर निघून जातात, नाव रजिस्टरमध्ये आणि पोरगा कुठल्या तरी गावात वीटभट्टीवर बापासोबत. ह्याला आकड्यात पकडायचा उपाय मला सापडलेला नाही, मी एवढंच करतो की सामने वेचणीच्या ऐन भरात ठेवत नाही. सोयाबीन निघालं आणि कापसाची पहिली वेचणी आटोपली की मधे थोडी फट मिळते, तेवढ्यात उरकायचं. जानेवारी-फेब्रुवारीत दहावीचे पोट्टे पूर्वपरीक्षेत अडकतात, मग लहान शाळेचा संघच उरत नाही.

रेघ कुठे मारायची

आमच्या चौदा शाळांचे मागच्या वर्षीचे आकडे हे असे, मोठ्यापासून लहानापर्यंत: २१२, १८८, १७१, ९६, ८४, ७७, ७०, ६३, ४१, ३८, ३३, २७, १९, १४.

आता यात समान वाटणी करायचा मोह होतो, पाच-पाच-चार. करू नका. पाच-पाच केलं तर ९६ आणि ८४ वाल्या शाळा २१२ च्या सोबत जाऊन पडतात आणि लहान गटात शेवटी चारच उरतात. आकडे एका खाली एक लिहा आणि फट कुठे पडते ते पहा. १७१ नंतर एकदम ९६, तिथे एक रेघ. ६३ नंतर ४१, तिथे दुसरी. आम्ही सोयीसाठी आकडे ठरवले, १२० च्या वर मोठा गट, ५० ते १२० मध्यम, ५० च्या खाली लहान. तीन, पाच आणि सहा शाळा. मोठ्या गटात तीनच म्हणून कोणी तरी बोलेलच, बोलू द्या, तीन शाळांची साखळी करा आणि पहिल्या दोघांत फायनल, चार सामन्यांत काम संपते.

गटाच्या अगदी काठावरची शाळा नेहमी ओरडते. ४९ वाला खूश आणि ५१ वाला नाराज, हे टेक्सासमध्ये पण होते आणि आमच्याकडे पण. त्याला उपाय एकच की पहिलं वर्ष सोडलं तर रेघ आकडे यायच्या आधी ठरवा, निदान दोन वर्षं तीच ठेवा. आकडे पाहून रेघ मारली की लोक म्हणणार, अमक्याला सोपा गट देण्यासाठी मारली. पहिल्या वर्षी आम्ही आकडे पाहूनच मारली होती, दुसरा इलाज नव्हता, आणि लोक हेच म्हणाले होते.

आणि हो, वर खेळायची मुभा ठेवा. लहान शाळेला वाटलं की आमचा संघ भारी आहे, आम्ही मध्यम गटात खेळतो, तर खेळू द्या. वरच्याला खाली यायची परवानगी मात्र कधीच नाही, कितीही चहा पाजला तरी.

बाहेरून आणलेले खेळाडू

हा खरा डोक्याला ताप. एका शाळेचा पट ४१, म्हणजे सरळ लहान गट. पण त्यांच्या संघात चार पोट्टे असे की जे जूनमध्ये दुसऱ्या तालुक्यातून दाखला काढून आणलेले, चौघंही तयार खेळाडू, एक तर जिल्ह्याला खेळून आलेला. शाळेचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही, दरवर्षी कोणी ना कोणी हे करतेच. पट खरा, दाखले खरे, नियमात सगळं बसते, आणि तरी हा संघ १४ पोरांच्या शाळेसमोर उभा करणं म्हणजे परत ६१-९.

अमेरिकेत ह्याच्यावर कित्येक वर्षं डोकेफोड चालू आहे आणि प्रत्येक राज्याचं औषध वेगळं. इलिनॉयमध्ये ज्या शाळांना ठरलेली हद्द नाही, म्हणजे कुठूनही पोरं घेऊ शकतात, त्यांचा पट २००५ पासून १.६५ नं गुणतात. अलाबामात खाजगी शाळांना १.३५ लावायचे. म्हणजे शंभरचा पट असेल तर तो एकशे पासष्ट नाहीतर एकशे पस्तीस धरला जातो आणि शाळा आपोआप वरच्या वर्गात ढकलली जाते. मला हे जरा बोथट वाटते, खाजगी आहे म्हणून सगळ्यांना एकच काठी, मग एखाद्या खाजगी शाळेचा संघ दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरत असला तरी तिला पण तीच. इलिनॉयवाल्यांनाही ते कळलं असावं, कारण पुढे त्यांनी फार न जिंकणाऱ्या शाळांना त्यातून सूट दिली. ओहायोत शाळांनी यावर मतदान घेतलं, २०११, २०१२, २०१३ असा तीनदा प्रस्ताव पडला, २०१४ ला पास झाला आणि २०१७ च्या सीझनपासून लागू झाला. तिथे अख्ख्या शाळेला न गुणता संघातला प्रत्येक पोरगा कुठून आला ते पाहतात आणि बाहेरून आलेल्यांसाठी आकड्यात भर घालतात.

आम्हाला ओहायोचं पटलं. आमचा हिशेब असा: संघाच्या बारा जणांत जितके खेळाडू आठवीनंतर दुसऱ्या तालुक्यातून दाखल झाले, त्या प्रत्येकामागे पटात सहा वाढवायचे. सहा का, तर असंच, बसून ठरवलं, पाच म्हणणारे पण होते. त्या शाळेचे चार खेळाडू, चोवीस वाढले, ४१ चे ६५ झाले आणि शाळा मध्यम गटात गेली. त्यांचे सर खूप चिडले, "आमची गरीब पोट्टी आहेत, हॉस्टेलला राहतात, तुम्ही शिक्षा कायले देता?" मी म्हटलं सर, शिक्षा नाही, गट बदलला, खेळा ना. मध्यम गटात ते सेमीफायनलला पोचले, म्हणजे हिशेब अगदीच चुकला नव्हता.

दाखला कधीचा आहे ते जनरल रजिस्टरच्या नोंदीवरून कळते, बोनाफाइडवर विसंबू नका, बोनाफाइड आजचा असतो. आणि बापाची बदली झाली, घर उठून आलं, आई माहेरी येऊन राहिली, अशी पोरं बाहेरची धरायची नाहीत. एवढी माणुसकी ठेवायची. त्यासाठी तीन जणांची एक लहान कमिटी करा, तीन वेगळ्या गावांचे, त्यात सामन्यात उतरलेल्या शाळेचा कोणी नको. आमच्या कमिटीत एक रिटायर्ड गुरुजी आहेत, त्यांनी तालुक्यातली निम्मी घरं शिकवलेली, त्यांच्यासमोर खोटं बोलायची कोणाची टाप नाही.

आश्रमशाळांचं काय करायचं यावर आमच्यात दोन रात्री वाद झाला. एक बाजू म्हणे, तिथे सगळी पोरं एकत्र राहतात, पहाटे पाचला उठून धावतात, संध्याकाळी रोज प्रॅक्टिस, गावातल्या पोराला मात्र शाळा सुटली की म्हशी सोडायच्या असतात, म्हणून आश्रमशाळेचा पट वाढवून धरा. दुसरी बाजू म्हणे, त्या पोरांच्या अंगावर काय आहे ते पहा, बूट नाही, दूध नाही, अजून त्यांच्यावर काय भार टाकता. मिनेसोटा राज्यात उलटा हिशेब आहे, गरीब घरची, म्हणजे शाळेत मोफत नाहीतर सवलतीच्या जेवणाला पात्र असलेली जितकी मुलं, त्यांचा काही हिस्सा पटातून वजाच करतात, कारण गरीब घरचं पोरगं खेळापर्यंत पोचायचं प्रमाण कमी. आपल्याकडे ते मोजमाप चालत नाही, पोषण आहार सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत सगळ्यांनाच असतो. शेवटी आम्ही आश्रमशाळेला ना वाढवलं ना कमी केलं, जो पट तो पट. मला अजूनही वाटते हेच बरोबर, पण माझा मित्र अजून मानत नाही.

सारखं जिंकणारी शाळा

इंडियाना राज्यात सरळ हिशेब आहे. स्पर्धेत जितकं पुढे जाल तितके पॉइंट, पहिली पायरी जिंकली तर १, पुढची २, मग ३, आणि राज्य जिंकलं तर ४. दोन वर्षांत ६ झाले की शाळेचा पट कितीही असो, एक वर्ग वर. २०१२ ला ठरवलं त्यांनी हे. आम्ही याचं सोपं रूप केलं, लागोपाठ दोन वर्षं गट जिंकला तर तिसऱ्या वर्षी वरच्या गटात, आणि तिथे एकही सामना जिंकता आला नाही तर परत खाली.

ह्यात एक खोट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जिंकून देणारे पोट्टे दहावी होऊन निघून जातात आणि वर चढतात ते त्यांचे मागचे, ज्यांनी काही जिंकलेलंच नसतं. लहान शाळेत तर एकच बॅच चांगली निघते, पाच-सहा वर्षांतून एकदा. म्हणून आमच्या पत्रकात एक ओळ आहे की मागच्या वर्षीच्या बारापैकी किमान पाच अजून संघात असतील तरच वर चढवायचं.

लहान गटाला पाच-पाचचा सामना

आता ते सहाच्या फुटबॉलचं. १९३४ मध्ये, मंदीच्या काळात, नेब्रास्का राज्यातल्या हेब्रॉन नावाच्या गावात स्टीफन एपलर नावाच्या शिक्षकानं सहा-सहा जणांचा फुटबॉल काढला, कारण लहान शाळांना अकरा पोरं जमत नव्हती. मैदान १०० यार्डांचं ८० केलं. आज टेक्सासच्या लहान शाळा तोच खेळतात, आणि त्यात एक सुंदर नियम आहे, हाफटाइमला किंवा त्यानंतर कधीही ४५ पॉइंटची आघाडी झाली की सामना तिथेच संपला.

कबड्डीत सात लागतात. १४ मुलांच्या शाळेत एक आजारी, दोन वेचणीला, एकाचा पाय मुरगळलेला, एकाला घरून परवानगी नाही, एक-दोघांना खेळायचंच नाही, झाले सात. बदली खेळाडू शून्य. म्हणून आमच्या लहान गटात पाच-पाच खेळतात, संघ आठ जणांचा. हे आमचं घरचं आहे, अधिकृत नाही, पत्रकात तसं स्पष्ट लिहा. पण नुसते खेळाडू कमी केले आणि बाकी नियम तेच ठेवले तर गोंधळ होतो, आमचा झाला. बोनस, म्हणजे चढाईत बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, घ्यायचा तर समोर किमान सहा जण लागतात, पाचाच्या सामन्यात सहा कुठून आणणार, म्हणजे बोनस कधी मिळतच नाही. आणि सुपर टॅकल, म्हणजे पकडीचे एकाऐवजी दोन गुण, पकडणारे तीन किंवा कमी असताना मिळतो, पाचात दोन बाद झाले की लगेच सुपर टॅकल, पंच नुसते दोन-दोन गुण वाटत बसले. पहिल्या दिवशी दुपारी सामना थांबवून आम्ही नियम बदलला: पाचच्या पाच असताना बोनस चालेल, आणि सुपर टॅकल दोन किंवा कमी असतील तेव्हाच. लोण दोन गुणांचाच. मैदान १३ बाय १० च्या ऐवजी ११ बाय ८ मीटर, चुना कमी लागतो हा वेगळा फायदा. वेळ १०-५-१० मिनिटं, मधली पाच विश्रांतीची.

आघाडीचा नियम सगळ्या गटांना लावला, मध्यंतरानंतर ३० ची आघाडी झाली की शिट्टी. प्रेक्षकांतल्या काहींना आवडत नाही, त्यांना ठोकाठोकी पाहायची असते. मला त्या कॅप्टनचा चेहरा आठवतो, म्हणून हा नियम जाणार नाही.

तरीही ज्या शाळेत आठही होत नाहीत तिने शेजारच्या शाळेसोबत संयुक्त संघ करावा. अमेरिकेत हे सर्रास आहे, दोन-तीन गावांच्या शाळा मिळून एक संघ, पट मात्र बऱ्याच ठिकाणी सगळ्यांचा मिळून धरतात. आमच्याकडे पट जुळवायला पाच मिनिटं लागली आणि टीशर्टवर कोणत्या गावाचं नाव वर यायचं यावर दोन दिवस गेले. शेवटी एकाचं छातीवर, एकाचं पाठीवर.

वेळापत्रक एसटी पाहून करा

त्या ४१ वाल्या शाळेला वर ढकलल्यावर आमचे गट झाले तीन, सहा आणि पाच. मोठा गट साखळी आणि फायनल मिळून ४ सामने. मध्यम गट तीन-तीनचे दोन पूल, ६ साखळी, २ सेमी, १ फायनल, एकूण ९. लहान गट पाच शाळांची साखळी, १० सामने, ज्याचे गुण जास्त तो विजेता, फायनल नाही. सगळे २३. दोन मैदानं, सातचा सामना सगळं धरून पाऊण तास, पाचचा अर्धा तास. एका दिवसात बसेल असं वाटते, बसवू नका, पोट्टे दमतात आणि पंच त्याहून आधी दमतात. दोन दिवस ठेवा.

लहान शाळा लांबच्या असतात, त्यांच्याकडे गाडी नसते, शेवटची एसटी साडेपाचची. त्यांचे सामने सकाळी दहापासून चारपर्यंत संपवा, जेवण मधे द्या. मोठ्या गटाचे शेवटी, ते जवळचे असतात, ट्रॅव्हलरनं येतात, लाईटमध्ये खेळायलाही तयार. साखळीत प्रत्येक शाळेला चार सामने मिळतात हे लहान शाळांसाठी फार मोठं आहे, बाद पद्धतीत शंभर रुपये तिकीट काढून यायचं आणि वीस मिनिटांत घरी, कोण येईल?

"मग मजा काय राहिली?"

हे विचारणारा प्रत्येक गावात एक असतो. लहान शाळेनं मोठीला पाडलं तर त्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ना, तुम्ही ती वाटच बंद केली. यात दम आहे, मी नाही म्हणत नाही. इंडियानातच १९५४ ला मायलन नावाच्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेनं बास्केटबॉलचं राज्य विजेतेपद घेतलं, फायनल ३२-३०, शेवटचा बास्केट बॉबी प्लम्पचा, तेव्हा तिथे बास्केटबॉलमध्ये गटच नव्हते. गट आले १९९७-९८ च्या सीझनला, आणि अजूनही तिथले लोक यावर भांडतात. पण मायलनची गोष्ट सांगणारे हे सांगत नाहीत की दरवर्षी किती लहान शाळा पहिल्याच फेरीत तुडवल्या जायच्या.

आम्ही मधला मार्ग काढला. तिन्ही गट संपले की दुसऱ्या दिवशी शेवटी लहान आणि मध्यम गटाचा विजेता असा एक खुला सामना, आणि त्यातला जिंकलेला मोठ्या गटाच्या विजेत्याशी. सातचा खेळ, पूर्ण मैदान. ज्याला खेळायचं त्यानं खेळावं, सक्ती नाही. मागच्या वर्षी मध्यमवाल्यांनी मोठ्यांना मध्यंतरापर्यंत चांगलंच टेकीला आणलं होतं, लाईनवर उभं राहायला जागा नव्हती. हरले शेवटी सहा गुणांनी.

कपाची उंची

पहिल्या वर्षी देणगीदारांनी मोठ्या गटाला दोन फुटी कप दिला आणि लहान गटाला वीतभर. लहान गटाच्या विजेत्या पोरांनी तो घेतला, फोटो काढला, आणि मग एक पोट्टा दोन्ही कप शेजारी ठेवून बोटांनी उंची मोजत होता. दुसऱ्या वर्षीपासून तिन्ही कप एकाच दुकानातून, एकाच साइजचे. रोख बक्षीसही सारखं. देणगीदार कुरकुर करतात की मोठ्या गटावर आपलं नाव पाहिजे, त्यांना सांगायचं, नाव तिन्हीवर टाकतो.

पत्रक पोळ्याच्या आधी काढा. त्यात तारीख, रेघांचे आकडे, बाहेरच्या खेळाडूचा हिशेब, पाचाच्या सामन्याचे नियम, कमिटीची तीन नावं, आणि पटाचं पान कधीपर्यंत पाहिजे ते, आमच्याकडे १० ऑक्टोबर. पोळा झाला की शाळा सरकारी स्पर्धांत आणि चाचणी परीक्षेत गुंततात, मग फोन उचलत नाहीत. ते नदीपलीकडचे सर पण यंदा फोन उचलत नव्हते. मी पत्रक त्यांच्या गावच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन पाठवलं. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो आला, सहीशिक्क्यासकट, आठवी ते दहावी मुलगे, १४.